वर बघायचं नसतं

झेंडा माळवदावर चढला असता तर हाजी नकीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घ्यायला हवं. नाहीतर त्याला नुसता भित्रा म्हणायची सवय या घराला लागलीच आहे. हाजी भित्रा नव्हता. व्यापारी होता. या दोन्हींत फरक आहे, जरी दुरून दोन्ही सारखेच वाकून चालताना दिसतात.

पहिला लाभ गव्हाचा. शहानं तेहरानात लोकांनी निवडलेली मजलिस तोफांनी उडवली, तब्रीझनं मजलिसीचा हात सोडला नाही, म्हणून शहाच्या स्वारांनी शहराच्या वाटा आवळल्या. शहराची समिती आता घराघरांत शिरून दडवलेलं धान्य काढत होती आणि भट्ट्यांवर वाटत होती. फक्त ज्या घरावर शेजारच्या झारचा झेंडा, त्या घराचा उंबरा ती ओलांडत नव्हती. ओलांडला की झारच्या लष्कराला अरस नदी ओलांडायला निमित्त मिळणार, हे समितीलाही कळत होतं आणि झेंडेवाल्यांनाही. हाजीच्या तळघरात गहू होता. किती, ते तो बायकोलाही सांगत नसे.

दुसरा लाभ, शहर पडलंच तर. लुटायला आलेले स्वार झेंडा बघून पुढच्या दाराकडे वळतील. पुढचं दार कोणाचं, हा हाजीचा प्रश्न नव्हता. तिसरा लाभ म्हणजे अरसकाठच्या जुल्फ्याच्या घाटावर अडकलेले बदाम आणि बेदाणे. झारच्या छत्राखालच्या माणसाचा माल घाटावर कुजत नाही. आणि चौथा लाभ त्याच्या बायकोचा, तूबाचा. सावकार मामेडोव्हच्या घरावर झेंडा चढला त्या दिवसापासून तूबा मान वर करून चालत नव्हती. मान वर केली की तो दिसायचा.

खर्चाच्या बाजूला हाजीनं मनात एवढंच मांडलं होतं, की लोक चार दिवस बोलतील. लोक तसेही बोलतातच.

झेंडा मिळवून दिला मीर्झा दाऊदनं. दाऊद म्हणजे झारच्या वकिलातीतला दुभाषा. जन्म याच गल्लीतला, पण आता टोपी नदीपलीकडची आणि खोकलाही पलीकडचा. त्यानं हाजीकडून दिवाणखान्यातला गालिचा नेला आणि एक गाठोडं आणून दिलं. "उद्या सकाळी येईन," म्हणाला, "झेंडा वर दिसला पाहिजे. तो दिसला की तुम्ही आमचे."

"आमचे" हा शब्द हाजीला जरा बोचला. पण गालिचा गेला होता. गेलेल्या गालिच्यावर बसून माणसाला फार विचार करता येत नाही.

*

वसंतात सुरू होणाऱ्या नव्या वर्षाआधीचा शेवटचा मंगळवार होता तो. संध्याकाळी सगळं घर मेहपाराच्या तंदूरघरात जमलं, कारण सरपण तेवढ्याच एका खोलीपुरतं उरलं होतं. सफरचा सुतकी महिना, म्हणून यंदा आगीवरून उड्या नाहीत, गाणी नाहीत. शेगडीवर चौरंग, चौरंगावर रजई, आणि रजईखाली सगळ्यांचे पाय. तोंडं कितीही भांडोत, पाय एकाच उबेला. या घरातली बरीच भांडणं त्या उबेमुळंच टिकली, नाहीतर माणसं केव्हाच उठून गेली असती.

मेहपारा तेवढी रजईबाहेर. हाजीची धाकटी बहीण, विधवा. बापाच्या वाटणीत तिला ही खोली आणि तिच्यावरचं माळवद मिळालं होतं. तंदूरही तिचाच. गल्ली तिला बाजी म्हणे, म्हणजे ताई. आजकाल गल्लीतल्या बायका आपापला कालवलेला गोळा घेऊन तिच्याकडे भाजायला येत. त्या गोळ्यांत पीठ कमी आणि बाकी सगळं जास्त असे. कालच शेजारची गुलंदाम लसूणघास चिरून त्यात मूठभर कोंडा घालून घेऊन आली होती. तंदूरच्या भिंतीला तो गोळा चिकटेना. तीनदा आत पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा गुलंदाम म्हणाली, "राहू दे बाजी, राखेसकट खाऊ. पोरांना काय कळतंय."

मेहपारानं ते सगळे जमल्या जमल्या सांगून टाकलं होतं.  तूबानं त्यावर फक्त रजई गुडघ्यांवर नीट ओढून घेतली होती.

बोलत होता धाकटा भाऊ. नाव यावर. नव्या पद्धतीच्या शाळेचा मास्तर. त्याच्या शाळेत मुलं बाकांवर बसत आणि नकाशा शिकत, म्हणून मुल्लानं तिला दोनदा पाखंडी ठरवलं होतं. यावरला भूक लागली की तो अधिक चांगलं बोलत असे, आणि सध्या तो फारच चांगलं बोलत होता.

"गेल्याच्या गेल्या साली, दादाश! झार आणि इंग्रज एका टेबलाशी बसले. वरचा मुलूख तुझा, खालचा माझा, मधला पट्टा राहू दे पोरांना खेळायला. आपलं घर! आपल्या बापाचं! आणि वाटणी शेजाऱ्यांनी केली! आपल्याला विचारलं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?" हाजीनं विचारलं.

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून विचारलं नाही."

"थट्टा नको दादाश. आपल्याला कळलं कधी? वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा! घराच्या मालकाला स्वतःच्या घराची वाटणी वर्तमानपत्रात वाचायला लागते!"

"तू तरी वाचलीस," हाजी म्हणाला. "शहाला अजून कोणी वाचून दाखवली नसेल."

तूबा हसली. यावरची बायको हसली असती, पण ती नवऱ्याकडे बघून हसायचं की नाही ते ठरवत असे, आणि आज यावरचं तोंड लाल होतं.

हाजीनं घसा साफ केला. एवढा वेळ त्यानं मांडीखाली दाबून धरलेलं गाठोडं काढून रजईवर ठेवलं आणि गाठ सोडली. पांढरा, निळा, तांबडा. नवंकोरं कापड, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच.

"हे उद्या सकाळी वर चढेल," तो म्हणाला. "मी विचारायला बसलेलो नाही, सांगायला बसलोय. बाहेर लांडगे आहेत. दाराशी वाघ बांधला तर लांडगा येत नाही."

"आणि वाघ काय खातो?" मेहपारानं विचारलं. ती कोंड्याचा गोळा थापत होती, वळली नाही.

"शेजाऱ्याच्या शेळ्या."

"आपणच शेजारी आहोत, दादाश. पलीकडून बघितलं की आपणच."

हाजीला राग आला. बहिणीचं बोलणं नेहमी असं असे, उंदराच्या सापळ्यासारखं. बोट घातल्यावर कळायचं. तेवढ्यात तूबा नवऱ्याच्या मदतीला धावली, आणि मदतीला धावणाऱ्या बायकोइतकं नुकसान शत्रूही करत नाही.

"तुम्हाला काय जातंय बोलायला बाजी? झेंडा नसला तर समितीचे ते दाढीवाले उद्या येतील आणि सगळा गहू उपसून नेतील! मग खा तुमची मजलिस!"

तंदूरमध्ये काहीतरी तडतडलं. मेहपाराचे हात थांबले.

"कुठला गहू?" तिनं विचारलं.

रजईखाली हाजीचा पाय तूबाच्या पायाला लागला, पण उशीर झाला होता.

"थोडाच आहे," हाजी म्हणाला. "बियाण्याचा."

"तू शेती कधीपासून करायला लागलास, दादाश?"

 मेहपारानं हात पदराला पुसले. बराच वेळ पुसले. "गुलंदामचा गोळा चारदा पडला," ती म्हणाली, "आणि तो पडला तिथं माझ्या तंदूरखालीच, भिंतीपलीकडं, गहू होता. मी तिला राख झटकून दिली. राख! आणि तुम्ही दोघं रजईत पाय घालून ऐकत होतात!"

"ओरडू नकोस. मी कोणाच्या घरातून आणला का? माझ्या पैशाचा आहे."

"भूक कोणाच्या पैशाची आहे?"

"यावर," हाजी म्हणाला, "तू सांग हिला."

आणि इथं घरातल्या बाजू फिरल्या.  झार आणि इंग्रजांना आत्ताच उभं आडवं सोलून काढलेला यावर आता रजईच्या किनारीचा धागा उसवत बसला होता.

"काठी कुठं रोवायची ते ठरलंय," हाजी म्हणाला. त्याला वाटलं, आता कामाचं बोललं की तापलेलं निवेल. "या खोलीचं माळवद सगळ्यांत उंच. गल्लीच्या टोकावरून दिसेल. यावर आणि मी परवाच ठरवलं."

"परवा," मेहपारा म्हणाली.

"झेंड्याच्या छायेत यावरची शाळाही येईल. भिंत एकच आहे. मुल्लाची माणसं दगड मारणार नाहीत. दाऊद तसं लिहून देणार आहे."

मेहपारानं धाकट्या भावाकडं पाहिलं. तिनं त्याला कडेवर वाढवला होता. तो दात येताना तिच्या खांद्याला चावायचा.

"वरचा भाग तुझा, खालचा माझा," ती हळूच म्हणाली. "मधला पट्टा पोरांना खेळायला. मास्तर, माळवद माझं आहे ना रे? बापानं दिलेलं? मला कधी कळायचं होतं? वर्तमानपत्रात?"

यावर म्हणाला, "बाजी, मुलांसाठी... तीस-चाळीस मुलं आहेत... तत्त्व वेगळं आणि..."

"आणि माळवद वेगळं."

"मेहपारा, पुरे!" हाजी गरजला. "तुझा पोरगा तिकडं मोर्चावर बंदूक घेऊन बसलाय, ती बंदूक तुला भाकरी देणार आहे का? सफदरला मीच लहानाचा मोठा केला. त्यालाही याच झेंड्याखाली आणीन मी, जिवंत राहील पोरगा!"

"तो ज्यांच्यावर गोळी झाडतोय त्यांच्या तोफा कोणाच्या आहेत दादाश? त्यांना कवायत कोणी शिकवली?"

हाजी उत्तर देणार, तेवढ्यात धुराड्यातून थोडी माती खाली पडली. मग काळोखातून हळूहळू, हेलकावत, एक शाल खाली आली.

 शेवटच्या मंगळवारची शाल. कोणीतरी माळवदावर पालथं पडून ती सोडत होतं, आणि खालच्यांनी तिच्यात काही ना काही बांधायचं होतं. अक्रोड, रंगवलेलं अंडं, लोकरीचे मोजे, जे असेल ते. शाल कोणाची ते विचारायचं नाही. वर बघायचं नाही. रिकामी शाल परत पाठवायची नाही. आणि एकदा गाठ मारली की ती गाठ खालच्या हातांची राहत नाही. मजलिस असो, शहा असो, झार असो, या चार गोष्टी तब्रीझमध्ये कोणी बदललेल्या नव्हत्या.

शाल हिरवी होती, मश्हदच्या विणीची. हाजीनं ती ओळखली, कारण त्यानंच ती यात्रेहून मेहुण्यासाठी आणली होती. मेहुणा वारला, शाल सफदरकडे गेली.

"काय आहे घरात?" तूबा कुजबुजली. अक्रोड केव्हाच संपले होते. वाटीत थोडे वाळके जर्दाळू होते, तेही उद्यासाठी राखलेले.

मेहपारा उठली. जर्दाळूंची वाटी ओलांडली. रजईवरचं गाठोडं उचललं, पांढरं, निळं, तांबडं, जसं होतं तसं, आणि शालीच्या टोकात ठेवून दोन गाठी मारल्या. घट्ट. पीठ मळणाऱ्या हातांच्या गाठी.

"मेहपारा!"

हाजी उठला तेव्हा चौरंग कलला आणि शेगडीतले निखारे सांडले. तूबा किंचाळली. हाजीचा हात शालीपर्यंत पोचला. अगदी पोचला. बोटांना लोकर लागली.

आणि तिथं तो थांबला. का, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. सात-आठ वर्षांचा असताना याच खोलीत त्यानं एकदा कोणाची शाल आहे म्हणून वर बघितलं होतं. बापानं त्याला मारलं नाही. बाप फक्त म्हणाला, "वरचा माणूस मागायला आला नाही, तुझ्यावर विश्वास टाकायला आलाय. तू त्याचं तोंड बघितलंस की तो भिकारी होतो." एवढंच. पण पन्नास वर्षांनीही हात आपोआप मागं आला.

मेहपारानं शाल दोनदा ओढली. शाल वर गेली. माती थोडी सांडली, मग धुराड्यात पुन्हा आकाश दिसायला लागलं.

 निखारे विझवताना यावर एकदा म्हणाला, "सापडला तर वकिलातीचा अपमान," आणि मेहपारा म्हणाली, "आपला झाला तो चालला?"

*

सकाळी मीर्झा दाऊद आला. बरोबर वकिलातीचे दोन शिपाई. गल्लीच्या टोकावरूनच त्यानं माळवदाकडे बघितलं असणार, कारण दारातून तो न बोलताच आत आला आणि सरळ तंदूरघरात गेला. मेहपारानं रोट्या वाळत टाकायला पसरलेल्या फडक्यावरून चिखलाच्या बुटांनी चालत गेला आणि तिच्या जागी बसला.

मेहपारा चादर डोक्यावरून ओढून तंदूरमागं उभी होती. तूबा आतल्या दाराआड. यावर शाळेत गेला होता. लवकर गेला होता.

"झेंडा?" दाऊद म्हणाला.

हाजीनं सांगितलं. झालं ते सांगितलं, कारण काल रात्रभर त्याला दुसरं काही रचता आलं नव्हतं. शाल आली, बायकामाणसांच्या गोंधळात गाठोडं तिच्यात गेलं. कोणी गाठ मारली ते मात्र त्यानं गोंधळातच ठेवलं.

दाऊद पलीकडचा खोकला खोकला. "हाजी आगा, हा पोरखेळ नाही. तो झारचा झेंडा आहे. तो कोणत्या भिकाऱ्याच्या शालीत, कोणत्या मोर्चावर, कशाला वापरला जातोय, हे मी वकिलातीत काय सांगू? मला नाव पाहिजे. एक नाव द्या, दुपारी दुसरा झेंडा आणतो. गव्हाला कोणी हात लावणार नाही. जुल्फ्याचा माल परवा सुटेल."

"आणि ज्याचं नाव, त्याचं?"

"समितीला निरोप जाईल. समितीच बांधून आणून देईल त्याला. लष्करानं नदी ओलांडायला नको म्हणून आपल्या हातांनी आणून देईल, बघा तुम्ही! मग काही दिवस आमच्या तबेल्यात. मग पलीकडे." तो हसला. "पलीकडे हवा चांगली असते."

पलीकडे गेलेलं कोणी परत आल्याचं हाजीच्या ऐकिवात नव्हतं.

आता हाजीनं मनात पुन्हा मांडणी केली. लपवून काय करायचं, त्यानं केली. गहू, घर, बदाम, बायकोची मान, सगळे चारही लाभ अजून जसेच्या तसे होते, फक्त मध्ये एक नाव ठेवायचं होतं. चार अक्षरांचं, फार मोठंही नव्हतं. तंदूरमागं मेहपारा उभी होती. ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती, मान हलवून खुणावत नव्हती. तिनं असं काही केलं असतं तर सोपं झालं असतं; माणूस रडणाऱ्या बाईवर चिडू शकतो. ती नुसती बघत होती, जसा माप टाकणाऱ्याच्या हाताकडे गिऱ्हाईक बघतं.

हाजीनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर नाव सांगायलाच उघडलं. हे त्यानं पुढं यावरपाशी स्वतःच कबूल केलं, तेव्हा आपण कशाला झाकायचं?

पण दाऊदला घाई होती. "सोपं करतो तुमच्यासाठी," तो म्हणाला. "नाव नको. शालीचा रंग सांगा. नाव आम्ही काढू. तुम्ही गाठी मारा आणि माना खाली घालून बसा! याच अडाणीपणानं तुमचा देश चाललाय, हाजी. दान देताना तोंड बघत नाही म्हणे! मग उद्या चोरानंही शाल सोडली तरी असेच बसाल!"

'तुमचा देश.' हाजीला कालपासून जे बोचत होतं ते आता कुठं आहे ते सापडलं.

"दाऊद," तो म्हणाला. मीर्झा नाही, आगा नाही. "तुझ्या आईचं घर पाणपोईच्या मागं होतं ना रे? छप्पर गळकं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"तुझी शाल करड्या रंगाची होती. शाल कसली, घोड्यावरची झूल होती ती, एका कोपऱ्याला जळलेली. तू ती याच धुराड्यातून सोडायचास. वर्षानुवर्षं. माझ्या बापानं त्यात अक्रोड बांधले, एकदा माझेच बूट बांधले, मी रडलो होतो. तुला काय वाटतं, आम्हाला कळत नव्हतं शाल कोणाची ते?" हाजीचा आवाज चढत गेला. "जळक्या कोपऱ्याची झूल गल्लीत एकच होती! सगळ्यांना कळत होतं! पण कोणी वर बघितलं नाही. कोणी नाव घेतलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तू गल्लीतून माझे बूट घालून ताठ चालत गेलास! आणि आज ते पाय घेऊन माझ्या बहिणीच्या रोटीच्या फडक्यावरून चालतोस, आणि मला रंग विचारतोस?"

दाऊदच्या कानांचा रंग बदलला. शिपायांना भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला. त्यातला एक दारातून सरकून आत आला.

"रंग," दाऊद म्हणाला. हळू म्हणाला.

"आमच्यात वर बघत नाहीत."

"शाल खाली आली होती. खाली तर बघितलंत?"

"खाली मी माझे पाय बघत होतो. ते कुठं उभे आहेत ते."

दाऊद उठला. जाताना त्यानं फडक्याला वळसा घातला. एवढं मात्र खरं. दारात थांबून म्हणाला, "या घराचं नाव खोडलं, हाजी नकी. उद्या कोणीही शिरलं तरी आमच्याकडे धावत येऊ नका. आणि गालिचा परत मिळायचा नाही."

"ठेव," हाजी म्हणाला. "त्याला एका कोपऱ्यात जळल्याचा डाग आहे. तुला घरच्यासारखं वाटेल."

तो गेल्यावर तूबा बाहेर आली आणि कपाळ बडवून रडायला लागली. हाजी तिथंच, चिखलाच्या ठशांशेजारी, बसला. 

"दादाश," मेहपारा म्हणाली, "चहा टाकू?"

"साखर आहे?"

"नाही."

"मग टाक. तोंड आधीच कडू आहे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तळघराची किल्ली तूबाच्या कमरेला आहे. गुलंदामला बोलाव. पण रांग लावा, धक्काबुक्की नको. आणि तुला मी माफ केलेलं नाही, ध्यानात ठेव."

"मीही नाही," मेहपारा म्हणाली आणि चहा टाकला.

*

पुढचं थोडक्यात. गहू गल्लीनं खाल्ला, आणि उरलेला समितीनं नेला. जुल्फ्याच्या घाटावर बदामांना कीड लागली. तूबा वर्षभर नवऱ्याशी फक्त गरजेपुरतं बोलली, आणि तिच्या गरजा एकाएकी फार कमी झाल्या. त्या घरावर झेंडा नाही हे बघून मुल्लाच्या माणसांनी यावरच्या शाळेच्या खिडक्या फोडल्या. यावर म्हणाला, "बरं झालं, हवा येते," आणि त्या दिवशी प्रथमच तो कमी बोलून चांगलं बोलला.

झेंड्याचं काय झालं ते मोर्चावरून आलेल्या एकानं सांगितलं. पोरांनी तो जाळला नाही, तुडवला नाही. जखमा बांधायला कापड नव्हतं. त्यांनी झेंडा उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ केला आणि फाडून पट्ट्या केल्या. कापड उत्तम होतं, तो म्हणाला. रक्त चांगलं धरून ठेवायचं.

आणि झार आलाच. निमित्त झेंड्याचं नाही, रोटीचं झालं. शहरात उपासमार आहे, परदेशी लोक धोक्यात आहेत, आम्ही रस्ता उघडून धान्य आणतो, असं म्हणत वसंतात पलीकडचं लष्कर नदी ओलांडून आलं. धान्य आलं, हे नाकबूल कशाला करा. पण धान्याबरोबर तोफा आल्या. धान्य संपलं, तोफा राहिल्या. हाजीच्या जर्दाळूच्या बागेत त्यांनी तंबू ठोकले, झाडांना घोडे बांधले, आणि काठीवर तोच झेंडा लावला, त्याच्या घरापेक्षा कितीतरी उंच. हाजी विचारायला गेला, तर तिथं दाऊद उभा. "तेव्हा नुसत्या एका रंगावर मिळत होतं," दाऊद म्हणाला. एक झेंडा घरावर ठेवला असता तर बाग वाचली असती की नाही, याबद्दल या घरात अजून भांडण होतं. मामेडोव्हच्या घरावर झेंडा होता. त्याच्या बागेतही तंबू होते.

सफदर ते बघायला नव्हता. रस्ता उघडायच्या थोडं आधी, आम्ही आमची रोटी आम्हीच आणू, म्हणून जी पोरं वेढ्यावर चालून गेली, त्यांच्यात तो होता. मांडीत गोळी लागून परत आला. आईच्या तंदूरघरात दोन दिवस होता.

दुसऱ्या वर्षीचा शेवटचा मंगळवार आला. या खेपेला सफर आधीच सरला होता, म्हणून गल्लीत आगी पेटल्या, पोरं उड्या मारत होती. मेहपारा धुराड्याखाली एकटीच बसली होती, समोर अक्रोडांची वाटी. पुष्कळ शाली येऊन गेल्या.

मग माळवदावर जड पावलं वाजली. कोणीतरी दमून खोकलं. साठीला टेकलेला माणूस पालथं पडताना जसा कण्हतो तसा आवाज आला, आणि हिरवी शाल खाली आली.

मेहपारानं वर बघितलं नाही. अक्रोडांना हात लावला नाही. उठून कोनाड्यातून काहीतरी काढलं, शालीत ठेवलं, दोन गाठी मारल्या आणि शाल ओढली.

वर, अंधारात, हाजीला शाल इतकी हलकी लागली की त्याला वाटलं, बहिणीनं रिकामीच परत पाठवली. आणि त्याला तेही बरोबर वाटलं. मग त्यानं गाठ सोडली. आत निळ्या कापडाची एक पट्टी होती. धुतलेली, घडी घातलेली, मधोमध एक डाग, जो धुऊन गेला नव्हता. बागेकडून लष्कराचं वाजंत्री ऐकू येत होतं.

यावर पुढं म्हातारपणी सांगायचा, त्या झेंड्याची किंमत आमच्या सगळ्या घरानं मिळून दिली. हाजी तिथं असला की तो त्याला थांबवायचा.

"सगळ्यांनी वर्गणी दिली," म्हणायचा. "मी गहू दिला, तू खिडक्या दिल्यास. किंमत एकट्या बाजीनं दिली."